तिसऱ्या आकृतीतली पट्टी

प्लोव्दिव्ह, १२ फेब्रुवारी

प्रिय यासेन,

बऱ्याच वर्षांनी लिहिते आहे. तू ट्रिएस्टला सुखात असशील. आम्ही मजेत आहोत. ल्युबेनने तुझी आठवण काढली आहे. तो माझ्यासमोरच बसला आहे.

मुद्द्याचं लिहिते. तुटलेला डीएनए सांधणाऱ्या प्रथिनावरच्या तुमच्या दोघांच्या निबंधाविरुद्ध कुणीतरी निनावी तक्रार केली आहे. तक्रार तिसऱ्या आकृतीबद्दल आहे. निबंधावर पहिलं नाव तुझं आणि शेवटचं ल्युबेनचं, हे तुला ठाऊकच आहे. जगभरच्या हजारो निबंधांत त्याचा उल्लेख झाला आहे. संस्थेतल्या दुसऱ्या कुणाच्या लेखनाला एवढे उल्लेख नाहीत. ल्युबेनच्या नावावरच्या सगळ्या उल्लेखांपैकी निम्म्याहून जास्त या एकाच निबंधाचे आहेत. मे महिन्यात अकादमीच्या सदस्यांची निवड आहे. अशा वेळी असा आळ येणं हा शुद्ध मत्सर आहे.

चौकशी समितीला त्या आकृतीच्या मूळ फिल्म हव्या आहेत. त्या तुझ्या ताब्यात होत्या आणि तळघरात पाणी शिरलं तेव्हा खराब झाल्या, एवढंच तू लिहून द्यायचं आहे. मजकूर सोबत जोडला आहे. सही करून लगेच पाठव. तुझंही नाव पणाला लागलं आहे हे विसरू नकोस.

अक्षर वाईट आलं आहे. मोटारीच्या दारात बोट सापडलं.

तुझी ताई,
रुमेना

*

प्लोव्दिव्ह, १३ फेब्रुवारी

यासेन,

कालच्या कागदावर सही करू नकोस.

तो समोर बसला नव्हता. पाठीशी उभा राहून सांगत होता आणि मी लिहीत होते. "मत्सर" त्याचा शब्द. "मजेत आहोत" हेही त्याचंच. तुला ईमेल करता येत नाही, कारण तो माझे ईमेल वाचतो. हे पत्र मी दवाखान्यात लिहिते आहे. मेंढ्यांना लस टोचायला असेनोव्हग्राडला जायचं आहे, तिथल्या पोस्टात टाकेन.

बोट मोटारीत सापडलं नाही. परवा चुलीवर घेवड्याचं सूप उकळत होतं आणि मी नुसतं विचारलं, "एवढं आहे तरी काय त्या तिसऱ्या आकृतीत?" त्याने माझा हात हातात घेतला. नाचायला घेतात तसा, हळूच. मग अंगठीचं बोट मागे वाकवत नेलं. हाडाचा तो आवाज मला ओळखीचा आहे, मांजरं गच्चीवरून पडतात तेव्हा रोज ऐकते. स्वतःच्या हातातून आला तेव्हा मात्र क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाचं काहीतरी मोडलं. पिल्लांच्या पायाला लावतो ती छोटी पट्टी लावून बोट बांधलं आहे.

आमचं लग्न झालं तेव्हा तो असा नव्हता, हे तूही पाहिलं आहेस. आधी फक्त वस्तू फुटायच्या. सकाळी कॉफीच्या आधी तो संगणक उघडून आपल्या उल्लेखांचा आकडा बघतो. वाढला असेल तर दाढी करताना गाणं म्हणतो. सोफियातल्या कुणाचा आकडा त्याच्यापुढे गेला तर कप भिंतीवर जातो. शरद ऋतूत तक्रार आली आणि आकडा वाढायचा थांबला. लोक सावध झाले, निबंधाचं नाव घेईनात. तेव्हा त्याने म्हाताऱ्या मुर्जोला बुटाने लाथा घातल्या. कुत्र्याच्या फासळ्या फुप्फुसात घुसल्या होत्या. मी माझ्या हातांनी त्याला सुई देऊन कायमचं झोपवलं. त्यानंतर पाळी माझी होती, एवढंच.

आता मला खरं सांग. सहा वर्षांपूर्वी संत गेऑर्गीच्या सणाला जेवताना तुम्ही का मारामारी केलीत? कोकराची भाजलेली तंगडी अजून टेबलावर होती. तू त्याच्या कपाळावर ताटली फोडलीस. त्याने मुठीने तुझं नाक गालावर नेऊन ठेवलं. ते मीच सरळ केलं, आणि तू एक शब्द न बोलता दुसऱ्या दिवशी गाडीत बसलास. ल्युबेन म्हणाला, "त्याला माझी खुर्ची हवी होती." तू काहीच म्हणाला नाहीस. सहा वर्षं काहीच म्हणाला नाहीस.

मी आजपासून दवाखान्याच्या माळ्यावर राहते आहे. उत्तर दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव.

रुमेना

*

प्लोव्दिव्ह, ३ मार्च

यासेन,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहिते. आता प्रश्न माझ्या बोटाचा राहिलेला नाही.

परवा, एक मार्चला, सगळं गाव मनगटाला वसंताच्या स्वागताचे लाल-पांढरे दोरे बांधून फिरत होतं. दुपारी दवाखान्यात एक मुलगी आली. तिच्या मनगटावरच्या दोऱ्यातला पांढरा धागाही लाल झाला होता. तोंडावर तिने स्कार्फ दाबून धरला होता. बाकावर एक आजी पोपट घेऊन बसल्या होत्या, त्या पोपटासकट पळाल्या.

ही इस्क्रा. ल्युबेनची डॉक्टरेटची विद्यार्थिनी. तू गेल्यानंतर आलेली, म्हणून तुझी ओळख नाही. नाताळात घरी आली होती तेव्हा माझ्या हातच्या चीज घातलेल्या बनित्साचे तीन तुकडे खाऊन चौथा पिशवीत घालून घेतला होता, म्हणून माझ्या लक्षात राहिली.

"मॅडम, मी इथे आलेय हे सरांना सांगू नका."

"कुणी केलं हे?"

"पडले."

"पोरी, मी दिवसभर मुकी जनावरं तपासते. तीसुद्धा माझ्याशी इतकं खोटं बोलत नाहीत. स्कार्फ काढ."

डावा डोळा दिसतच नव्हता. भुवईपासून गालापर्यंत कातडी उघडी पडली होती आणि आत हाड सरकलेलं हाताला लागत होतं. मी तिला तशीच गाडीत घालून डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. वाटेत ती बोलली.

तक्रार तिचीच. तुमच्या निबंधाच्या पायावर तिचं सगळं काम उभं होतं. चार वर्षं ती तो प्रयोग पुन्हा पुन्हा करत राहिली. तुमचं प्रथिन पेशींत सोडलं की तुटलेला डीएनए सांधला जायला हवा. तो सांधला जाईना. ल्युबेन तिला सांगायचा, "तुझे हात वाईट आहेत. शेतकऱ्याच्या पोरीचे हात." तिला ते पटलं होतं. ती घरी जाऊन स्वतःच्या हातांकडे बघत बसायची. मग एके दिवशी तिने तिसरी आकृती मोठी करून पडद्यावर पाहिली. डावीकडे जी काळी पट्टी होती तीच उजवीकडे होती, उलटी करून चिकटवलेली. एकच पट्टी, दोन जागी, दोन वेगळ्या प्रयोगांचा निकाल म्हणून. जगातल्या हजारो लोकांनी ज्याचा हवाला दिला तो निकाल कधी लागलाच नव्हता.

तक्रारीत नाव नव्हतं, पण मूळ फाइल कुणी उघडली हे संगणकात राहिलं होतं. ल्युबेनने तिला प्रेमाने हाक मारली. "इस्क्रा, ये जरा, नमुने दाखव." थंड खोलीत नेलं, कडी लावली आणि नळ्या ठेवायची पोलादी चौकट उचलली. मारताना तो ओरडत नव्हता, असं ती म्हणाली. वर्गात शिकवतो त्या आवाजात प्रत्येक फटक्याला एकेका मासिकाचं नाव घेत होता, त्याचे निबंध जिथे जिथे छापून आले त्या मासिकांचं. ती खाली पडली तेव्हा तो दमला होता. चौकट जागेवर ठेवली, हात धुतले आणि व्याख्यानाला गेला.

पोलिसांनी "कामाच्या ठिकाणी घसरून पडली" असं लिहून घेतलंय. संस्थेतून तसाच फोन गेला होता म्हणे. डोळा वाचणार नाही.

इस्पितळाच्या जिन्यात ती मला म्हणाली, "मॅडम, तुमच्या भावालाही हे माहीत असणार. पहिलं नाव त्यांचं आहे."

मी म्हटलं, "माझा भाऊ असा नाही."

मी खरं बोलले का, यासेन? ट्रिएस्टची तुझी जागा, तुझी प्रयोगशाळा, तुझे आकडे, हे सगळं त्याच पट्टीवर आहे का?

रुमेना

*

प्लोव्दिव्ह, इस्पितळातून, २४ मार्च

यासेन,

तुझं पत्र मिळालं. दोन ओळी. "ताई, तू यात पडू नकोस. मी सही करत नाही आणि बोलतही नाही." हे लिहायला तुला महिना लागला. वाचून मी ते शस्त्रक्रियेच्या घाण बादलीत टाकलं.

माझं उजवं मनगट मोडलं आहे, म्हणून मी सांगते आहे आणि इस्क्रा लिहून घेते आहे. (मला तुमच्याशी बोलायचं नाही. फक्त लिहून घेतेय. – इ.)

परवा भर दुपारची गोष्ट. टेबलावर धनगराचा एक मोठा कुत्रा भुलीखाली होता. रानडुकराने त्याचं पोट फाडलं होतं. इस्क्रा माझ्याकडेच राहते आता. ती दिवा धरून उभी होती आणि मी आतडी आत घालून टाके घालत होते. त्या दिवशी सकाळी समितीने इस्क्राची साक्ष घेतली होती आणि ल्युबेनला निलंबित केलं होतं. हे मला माहीत होतं. त्याला मी इथे सापडणार हेही माहीत होतं. दार आतून लावलं होतं, पण काचेचं.

"रुमे, उघड. बोलायला आलोय."

"बोल तिथूनच."

"ती आत आहे ना?"

"कुत्रा आहे आत. पोट उघडं आहे त्याचं. उद्या ये."

"रुमे, मी काही राक्षस नाही. तिला दोन मिनिटं बाहेर पाठव. तिने समितीला सांगायचं, माझी चूक झाली. बस्. मी तिला पदवी देतो, परदेशात पाठवतो. विचार तिला!"

इस्क्रा आतून म्हणाली, "सर, तुमची पदवी ठेवा तुमच्याकडे!"

मग बाहेरची दगडी कुंडी काचेतून आत आली.

तो काचांवरून चालत आला. कोट घातलेला, टाय लावलेला. आधी इस्क्राचे केस धरले आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, पुन्हा आपटलं, त्याच बाजूला, जिथे पट्टी होती तिथे. "कुणी वाचलंय तुला? कुणी?" असं म्हणत होता. "माझं नाव टोकियोत घेतात! तुझं नाव तुझ्या गावात तरी माहीत आहे का?" मी मध्ये पडले. त्याने माझं मनगट धरून टेबलाच्या कोपऱ्यावर टाकलं आणि वर आपला सगळा भार दिला. आतली दोन्ही हाडं गेली. वेदना नंतर आली. आधी मला राग आला तो हात निकामी झाल्याचा, कारण कुत्र्याचे टाके अर्धे राहिले होते.

संध्याकाळी एका घोडीचे वाढलेले दात कानशीने घासायला जायचं होतं. घोड्यांना उभ्या उभ्या पेंग आणणारं औषध मी सुईत भरून ठेवलं होतं. डाव्या हाताने उचललं आणि पँटवरूनच त्याच्या मांडीत खुपसलं, होतं तेवढं सगळं ढकललं. त्याने वळून माझ्या तोंडावर मारलं. दोन दात गेले. मी खाली पडले तशी बुटाने बरगडीत घातली. मी मनाशी म्हणत होते, घोडी एव्हाना मान खाली घालते, हा का घालत नाही. मग त्याची लाथ हुकली. तो भिंतीला टेकला. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय दिलंस?" आणि गुडघ्यांवर आला, आणि काचांमध्ये आडवा झाला.

थोड्या वेळाने त्याचे ओठ निळे पडले. छाती हलेना.

इस्क्रा भिंतीशी बसली होती. एका डोळ्यावर रक्त, दुसरा गेलेला. ती म्हणाली, "राहू दे, मॅडम." (हो, मी म्हणाले. पुन्हाही म्हणेन. – इ.)

यासेन, मला त्याची दया आली नाही. पण मी आयुष्यभर श्वास थांबला की नळी घालत आले आहे. हात आपोआप गेला. जबडा उघडला, डाव्या हाताने नळी घशातून आत सरकवली, मोठ्या कुत्र्याला घालतो ती, आणि श्वासाची पिशवी दाबायला लागले. एक हात, तोही डावा. पाचसात दाबण्यांतच बोटं वळेनात.

"इस्क्रा, मला जमत नाहीये."

ती उठली नाही.

"हा असाच गेला तर लोक म्हणतील, एका विद्वानाला दोन बायकांनी मारलं. त्याचे निबंध छापतील, फोटोला काळी पट्टी लावतील. जिवंत राहिला तर त्याला बोलावं लागेल."

मग ती काचांवरून रांगत आली. पिशवी माझ्या हातातून घेतली आणि दाबू लागली. रुग्णवाहिका येईपर्यंत तिने त्याला श्वास दिला. तिचं रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर टपटप पडत होतं आणि ती एकसारखी म्हणत होती, "बोलशील तू. बोलशील. बोलशील."

कुत्रा जगला. टाके माझ्या मदतनीसाने पुरे केले.

ल्युबेनही जगला. खाली कैद्यांच्या खोलीत आहे. वकील त्याला सांगतोय, बायकोने विष देऊन मारायचा प्रयत्न केला असं म्हण. सरकारी वकील मला विचारून गेला. घोडीच्या मालकाने येऊन सांगितलं की औषध त्याच्याच घोडीसाठी भरलं होतं.

आता तू ठरव. मी पुन्हा विचारणार नाही.

रुमेना

*

प्लोव्दिव्ह, ९ नोव्हेंबर

यासेन,

तू कोर्टातून सरळ स्टेशनवर गेलास, म्हणून पुढचं तुला कळवते.

तू साक्षीदाराच्या जागी उभा राहिलास तेव्हा मी तुला आधी ओळखलंच नाही. केस पांढरे झालेत तुझे. नाक वाकडंच राहिलंय, माझा हात तेव्हा तितका चांगला नव्हता. तू म्हणालास, "ती पट्टी मी उलटी केली. माझ्या हाताने. हे माझ्या पाठीशी उभे होते, म्हणाले, एकच तर पट्टी कमी पडतेय, कर. मी केली. मग सणाच्या जेवणावर मी म्हटलं, निबंध मागे घेऊ या. तेव्हा यांनी मला मारलं आणि सांगितलं, बुडालो तर तू आधी." न्यायाधीशबाईंनी विचारलं, "मग सहा वर्षं गप्प का राहिलात?" तू म्हणालास, "रोज कुठून तरी कुणीतरी माझा उल्लेख करत होतं. बरं वाटत होतं."

बाहेरच्या व्हरांड्यात इस्क्राने तुझ्या थोबाडीत मारली. ते मी पाहिलं. थांबवलं नाही. तू हात वर केला नाहीस, तेही पाहिलं.

तू गेल्यावर बचावाच्या वकिलाने ल्युबेनच्या निबंधांची यादी वाचायला घेतली. इतके निबंध, इतके उल्लेख, अमुक पारितोषिक, उल्लेखांवरून काढतात तो एच-इंडेक्स एवढा, असा माणूस समाजाची ठेव असतो, वगैरे. पहिलं पान संपलं, दुसरं सुरू झालं. बाई ऐकत राहिल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "वकीलसाहेब, यातल्या कुठल्या निबंधात या मुलीच्या डोळ्याचा उल्लेख आहे? तेवढा वाचा, बाकीचे राहू द्या." वकील खाली बसला. ल्युबेन मात्र उठून म्हणाला, "बाईसाहेब, आकडा चुकलाय. वकिलांकडे जुना आकडा आहे."

त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. पोलिसांनाही त्यांचा तो "घसरून पडली" कागद भोवला. निबंध मासिकाने मागे घेतला, वर लाल अक्षरांत लिहिलं आहे. तरी गेल्या महिन्यात कुणीतरी पुन्हा त्याचा हवाला दिला. लाल अक्षरं वाचायला वेळ नसावा.

ट्रिएस्टने तुला काढून टाकलं हे इथल्या वर्तमानपत्रात आलं. मी तुला धीर देणार नाही. तू खरं बोललास ते एका मुलीचा डोळा गेल्यावर. पण बोललास. माझ्या मनात हे दोन्ही शेजारी शेजारी आहेत आणि त्यातलं एकही जागचं हलत नाही. मनगटात खिळा आहे, थंडीत ठणकतं. मी लहान जनावरंच बघते आता.

इस्क्रा नवा निबंध लिहिते आहे. त्यात एवढंच आहे की तुटलेला डीएनए त्या प्रथिनाने सांधला जात नाही. चार वर्षांचे सगळे फसलेले प्रयोग, आणि आता दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन केलेले पुन्हा तेवढेच. असलं काही कोण छापणार आणि कोण वाचणार, असं तिचे नवे सर तिला म्हणाले. ती म्हणाली, "मी तर वाचेन."

काल जेवताना ती मला म्हणाली, "मॅडम, माझ्या आकृत्या कुणीतरी तपासायला हव्यात. एकेक फिल्म, माझ्या शेजारी बसून."

मी म्हटलं, "समितीतले कुणी येतील की."

"त्यांना काय कळतंय? पट्टी कुठे, कशी चिकटवतात ते ज्याला माहीत आहे त्याला बोलवा." ताटातला पाव मोडत ती पुढे म्हणाली, "निबंधावर त्यांचं नाव येणार नाही. आभारातसुद्धा नाही. आधीच सांगून ठेवा."

सांगितलं. शनिवारी ती दिवसभर मोकळी आहे. सोफियाला उतरलास की तिथून सकाळची बस घे.

रुमेना